पदकानंतरची अठरा वर्षे : कॅप्टन ह्यूगो थ्रॉसेल (लेखांक सहावा)

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाच्या ‘लाइट हॉर्स’ दलातील ज्या एकमेव सैनिकाला व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश साम्राज्याचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले, ते ह्यूगो थ्रॉसेल पश्चिम ऑस्ट्रेलियातील नॉर्थम गावचे. त्यांचा जन्म १८८४ चा आणि वडील काही काळ त्या राज्याचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, होते. लाइट हॉर्स म्हणजे घोड्यावरून मजल मारणारे, पण प्रत्यक्ष लढताना पायउतार होऊन बंदूक चालवणारे सैनिक. तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या उभ्या कड्यांवर घोड्यांचा उपयोग नसल्याने ते इजिप्तमध्येच ठेवून या तुकड्यांना पायदळ म्हणून तेथे उतरवण्यात आले.

७ ऑगस्ट १९१५ रोजी ‘नेक’ नावाच्या चिंचोळ्या धारेवर एकामागून एक चार रांगा तुर्की मशीनगनसमोर पाठवल्या गेल्या आणि काही मिनिटांत दोनशेहून अधिक माणसे मारली गेली. थ्रॉसेल चौथ्या रांगेत होते आणि वाचले. त्यानंतर तीन आठवड्यांनी, ‘हिल ६०’ या टेकडीवरील एक खंदक त्यांच्या तुकडीने रात्री जिंकला. सैनिक खंदकात आडवा बांध रचत असताना त्यांनी पहारा देत चालून येणाऱ्या तुर्कांना थोपवले, आणि मग पहाटेपर्यंत हातबाँबची जी देवाणघेवाण चालली तीत शत्रूचे बाँब फुटण्याआधी उचलून परत फेकण्याचीही वेळ आली. दोनदा जखमी होऊनही ते मागे गेले नाहीत. याच कामगिरीसाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या वेळी त्यांना पाहिलेले अधिकारी होरेस रॉबर्टसन यांनी लिहून ठेवले आहे, की देऊ केलेली सिगारेट त्यांनी घेतली खरी, पण खांदे आणि दंड जखमांनी इतके आखडले होते की हात तोंडापर्यंत पोहोचेना. सदऱ्याची बाँबच्या कपच्यांनी चाळण झाली होती आणि खांद्यावरचा ‘ऑस्ट्रेलिया’ अशी अक्षरे असलेला बिल्ला वाकून, मोडून मांसात रुतला होता. शौर्याच्या अधिकृत नोंदी कामगिरी सांगतात, शरीराचे काय झाले ते सहसा इतक्या तपशिलाने सांगत नाहीत. म्हणूनच ही नोंद मोलाची आहे.

उपचारांसाठी इंग्लंडला नेले असताना त्यांची ओळख ऑस्ट्रेलियन कादंबरीकार कॅथरीन सुझाना प्रिचर्ड यांच्याशी झाली. बरे होऊन ते पुन्हा रेजिमेंटमध्ये दाखल झाले, आणि एप्रिल १९१७ मध्ये गाझाच्या दुसऱ्या लढाईत त्यांचे भाऊ रिक मारले गेले. त्या रात्री, स्वतः लढाईतून नुकतेच बाहेर पडलेले ह्यूगो, लहानपणी दोघा भावांत ठरलेल्या खुणेची शीळ घालत रणांगणावर रिकना शोधत फिरले. उत्तर आले नाही.

२८ जानेवारी १९१९ रोजी ह्यूगो आणि कॅथरीन यांचा विवाह झाला व पर्थजवळच्या ग्रीनमाउंट येथे त्यांनी घर केले. त्याच वर्षी जुलैमध्ये नॉर्थममध्ये शांतता दिन साजरा झाला. वीर म्हणून बोलावलेल्या थ्रॉसेल यांनी, युद्धाने आपल्याला समाजवादी केले, असे गावकऱ्यांपुढे जाहीर केले. माजी प्रीमियरच्या मुलाकडून हे ऐकण्याची त्या गावाची तयारी नव्हती. कॅथरीन तर पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियन कम्युनिस्ट पक्षाच्या संस्थापकांत होत्या. अशा घराला प्रतिष्ठितांची दारे मिटत गेली, हे मानायला जागा आहे. मात्र पुढे थ्रॉसेल कर्जात बुडाले, त्याचे मूळ तेवढ्यातच शोधणे बरोबर नाही, कारण जमिनीच्या व्यवहारांत त्यांनी घातलेला पैसा महामंदीने गिळला. १९२२ मध्ये मुलगा झाला. त्याला गाझात पडलेल्या काकांचे, रिक हेच नाव दिले गेले.

१९३३ मध्ये कॅथरीन सोव्हिएत संघाच्या प्रवासाला गेल्या असताना, थ्रॉसेल यांनी पैसा उभा करण्यासाठी ग्रीनमाउंटला रोडिओ, म्हणजे अवखळ घोड्याबैलांवरील स्वारीचे खेळ, भरवले. तेही तोट्यात गेले. १९ नोव्हेंबर रोजी त्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. युद्धातील अनुभवांतून आपण कधीच सावरलो नाही, म्हणून पत्नीला व मुलाला युद्धाचे निवृत्तिवेतन मिळावे, अशा आशयाचा मजकूर ते मागे ठेवून गेले. मरणाच्या दारातही आपले दुखणे युद्धातलेच आहे हे सरकारला पटवून देण्याची गरज त्यांना वाटली, ही गोष्ट मन हेलावून टाकते. कॅथरीन घरापासून दूर होत्या. त्यांच्या एका कादंबरीच्या घरी राहिलेल्या मसुद्यात युद्धावरून परतलेला नवरा जीव देतो. तो मसुदा ह्यूगोंनी वाचला असेल काय, ही शंका त्यांना पुढे सतत छळत राहिली, आणि १९३७ मध्ये ‘इंटिमेट स्ट्रेंजर्स’ या नावाने ती कादंबरी प्रसिद्ध करताना त्यांनी शेवट बदलला.

मुलगा रिक परराष्ट्र सेवेत गेला. १९५० च्या दशकातील पेट्रोव्ह या सोव्हिएत हेरगिरीच्या प्रकरणात आईच्या पक्षामुळे त्याच्यावर संशय घेतला गेला व त्याची सावली त्याच्या नोकरीवर दीर्घकाळ राहिली. वडिलांचे पदक त्याने १९८० च्या दशकात अण्वस्त्रविरोधी चळवळीला देऊन टाकले. माजी सैनिकांच्या संघटनेने ते विकत घेऊन कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलला दिले, आणि पदकाचा पैसा अण्वस्त्रांविरुद्धच्या कामाला मिळाला.