अडकित्ता, शिंपले आणि प्रश्नपत्रिका

‘अज्ञातवासी’ या नावाने काव्यलेखन करणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी गावोगाव हिंडून, प्रसंगी पदरमोड करून, जुन्या वाड्यांच्या अडगळीतून ज्या सहस्रावधी वस्तू जमविल्या आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, स्मृतीस वाहिल्या, त्यांतील नाना घाटांचे अडकित्ते पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात काचेआड मांडलेले आहेत. शाळेच्या सहलीबरोबर आलेली मुले त्यांच्यापुढून रांगेने जातात. याच मुलांनी विज्ञानाच्या तासाला ‘अडकित्ता हे दुसऱ्या प्रकारच्या तरफेचे उदाहरण आहे’ हे वाक्य वहीत उतरवून घेतलेले असते आणि त्याबद्दल परीक्षेत त्यांना गुणही मिळतात. परंतु टेकू एका टोकास, बल दुसऱ्या टोकास आणि भार मध्ये, या व्यवस्थेचे मर्म असे की सुपारी सांध्यालगत सरकवली तर ती सहज कातरते आणि पात्याच्या टोकाशी धरली तर मनगट भरून येते. हे ज्या आजीला तरफ हा शब्दही ठाऊक नव्हता तिला पक्के माहीत होते, आणि ज्याला तो शब्द तोंडपाठ आहे त्या मुलाला मात्र त्याचा गंधही नसतो. (मुलांना सुपारीची सवय लावण्याचा आमचा मनसुबा नाही, हे शिक्षणखात्याने कृपया ध्यानी घ्यावे, खडूच्या तुकड्यानेही काम भागते.) वस्तू संग्रहालयाच्या ताब्यात आणि तिचा अर्थ शाळेच्या दप्तरात, अशी एकाच मालमत्तेची वाटणी आपण करून ठेवली आहे.

ही वाटणी मोडण्याचा जो सर्वांत धीट प्रयत्न महाराष्ट्रात झाला, तो समुद्रकाठच्या बोर्डीस झाला. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाची दीक्षा घेतलेल्या आणि १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघाचा भार वाहणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ साली तेथे गेल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. ज्यांच्या पद्धतीवर हे बालशिक्षण आधारलेले होते त्या मादाम मॉन्टेसोरींनी आपले पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब मजुरांच्या वस्तीत उघडले होते खरे, तथापि पुढे त्यांची साधने इतकी रेखीव आणि इतकी महाग झाली की खेड्यातील बालवाडीने ती मागविण्याचा विचारही करू नये. तेव्हा शिंपले, खडे, बिया, काड्या आणि पाने हीच साधने ठरली. मुले शाळेत येत ना, म्हणून शाळा त्यांच्या अंगणात गेली. मोठी मुले गुरांमागे जात, म्हणून पुढे कोसबाडच्या टेकडीच्या परिसरात शाळा कुरणात भरू लागली.

या कथेचे कौतुक पुष्कळ झाले आहे. तिच्यातील एक अवघड बाब मात्र सहसा कोणी बोलत नाही. मॉन्टेसोरींच्या दट्ट्यांच्या लाकडी पेटीत दहा दट्टे आणि त्यांच्या बरोबर मापाच्या दहा खाचा असतात. एक दट्ट्या भलत्या खाचेत गेला की शेवटचा कोठेच बसत नाही, आणि मूल कोणी न सांगता सगळे उपसून पुन्हा आरंभ करते. चूक दाखविण्याचे काम लाकूडच करते. शिंपल्यांना ही शिस्त नाही. वीस शिंपले लहानमोठ्या क्रमाने लावताना दोन सारखेच निघतात, एक लांबीने मोठा तर रुंदीने लहान ठरतो, आणि मग ‘मोठा म्हणजे कसा मोठा?’ हे विचारावयास शेजारी बसलेली ताईच हवी. तात्पर्य, स्वस्त साधन वापरावयाचे तर शिक्षिका अधिक जाणती असावी लागते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, आणि पुढे अंगणवाडी सर्वत्र पोहोचली. आहार आणि लसीकरण ही तिची कामगिरी मोठी आहे, तिला उणे लेखण्याचे पातक आम्ही करणार नाही. परंतु नोंदवह्यांच्या ओझ्याखाली दबलेल्या सेविकेला शिंपल्यांपाशी बसण्यास फुरसत कोठून मिळावी?

संग्रहालयांच्या जगातही अनुभव याच वाटेने आला. ऑस्कर फॉन मिलर या विद्युत अभियंत्याने १९०३ साली म्युनिकमध्ये जे संग्रहालय स्थापिले, त्यात यंत्रांची प्रात्यक्षिके प्रेक्षकांनी स्वतः कळ दाबून चालवावीत अशी योजना होती. मात्र कळ दाबणे म्हणजे शिकणे नव्हे, हे ओळखले फ्रँक ओपेनहायमर यांनी. राजकीय संशयापायी विद्यापीठाची दारे बंद झालेला हा पदार्थवैज्ञानिक कोलोराडोत गुरे पाळीत होता, तेथील शाळेत शिकवीत होता आणि साधनांसाठी मुलांना गावच्या भंगाराच्या ढिगाकडे नेत होता. १९६९ साली त्याने सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम उघडले तेव्हा शाळकरी वयाच्या मुलामुलींनाच मदतनीस नेमले. तेथे गुराचा डोळा कापून दाखविण्याचे प्रात्यक्षिक प्रसिद्ध आहे: आतील भिंग अलगद काढून छापील कागदावर ठेवले की खालची अक्षरे मोठी दिसतात, आणि किळस विसरून पाहणारा पुढे वाकतो. त्या क्षणी ‘हे असे का?’ म्हणून विचारणारा मदतनीस नसता, तर ती केवळ जादू ठरली असती. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून फिरती बस शाळांच्या दारी धाडली आणि २०१९ साली मुलांसाठी स्वतंत्र दालन उघडले, ही पावले योग्य दिशेचीच आहेत. पण तेथेही कस लागावयाचा तो विचारणाऱ्या माणसाचाच.

आणि मग प्रश्नपत्रिका. मध्यप्रदेशातील होशंगाबाद येथे १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १६ उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगाधारित विज्ञानशिक्षण सुरू केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञही त्यांच्या साह्यास गेले. १९७८ मध्ये सबंध जिल्हा त्यात आला. या मंडळींचे शहाणपण असे की त्यांनी प्रयोगपेटीबरोबर परीक्षाही बदलून घेतली: पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा, आणि लेखी उत्तरांबरोबर हाताने करून दाखविण्याची कसोटी. जे पाठ करून भागत नाही ते पाठ करण्याचा खटाटोप मग कोण करील? ही व्यवस्था तीस वर्षे टिकली, आणि २००२ साली राज्य शासनाच्या हुकुमाने ती बंद झाली. मुलांनी तिचा कंटाळा केला म्हणून ती गेली नाही, ज्यांच्या सहीने ती चालत होती त्यांच्याच सहीने ती गेली. म्हणून अनुभवाच्या शिक्षणाला खरा धोका दारिद्र्याचा नसून कचेरीचा आहे, असे आमचे मत झाले आहे.

सबब वाचकांपैकी जे कोणी शाळांच्या नियामक मंडळांवर वा संग्रहालयांच्या विश्वस्तांत असतील, त्यांना विनंती इतकीच: ज्या वस्तूंचे दुबार नमुने कोठारात पडून आहेत, ते शाळांना उसनवार द्यावेत आणि एखादा मोडला तर त्याची भरपाई मास्तरांच्या पगारातून कापू नये, सहलीच्या मंजुरीत बसभाड्याप्रमाणेच वाटाड्याच्या मानधनाचीही रक्कम धरावी, आणि येत्या वार्षिक परीक्षेत निदान एक प्रश्न असा घालावा, ज्याचे उत्तर वस्तू हातात घेतल्यावाचून लिहिताच येणार नाही.