लोणी, साखर, मैदा आणि मंद आच

इंग्रजांच्या जेवणाला जगभर नावं ठेवली जातात. गोडाच्या बाबतीत मात्र त्यांचं आणि आपलं चांगलं जमतं, असं माझं अनेक वर्षांचं ठाम मत आहे. लोणी, साखर, मैदा, दूध, बेदाणे, सुंठ. त्यांच्या जुन्या घरगुती पदार्थांना यापलीकडे फारसं काही लागत नाही, आणि हे सगळं नाशिकच्या सातपूरमधल्या कुठल्याही वाण्याकडे मिळतं. आमच्या घरी दिवाळीत चकली-चिवड्याच्या डब्यांशेजारी शॉर्टब्रेडचा डबा असतो आणि नातवंडं आधी त्यालाच हात घालतात.

इतिहास थोडक्यात सांगतो. शेजारच्या देवळालीत 1861 पासून ब्रिटिश सैन्याचा मोठा तळ होता. मायदेशी जाणारे शिपाई बोटीची वाट पाहत तिथे थांबत. बार्न्स स्कूल तिथे 1925 साली सुरू झालं. त्याच्याही आधी शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत होती. जिथे गोऱ्यांची छावणी तिथे पाव-बिस्किटांची भट्टी, हे महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी दिसतं.

पुण्याच्या कॅम्पातली कयानी बेकरी मात्र स्वातंत्र्यानंतरची, 1955 सालची. तिच्या श्रूजबरी बिस्किटांसाठी रांगेत उभं न राहिलेला नाशिककर विरळाच. श्रूजबरी हे इंग्लंडच्या पश्चिमेचं, वेल्सच्या सीमेजवळचं गाव. या बिस्किटाची कृती 1658 सालच्या ‘द कम्प्लीट कुक’ या इंग्रजी पुस्तकात छापलेली आहे. तीत लोणी तास-दोन तास गुलाबपाण्यात ठेवायला सांगितलंय आणि पिठात आलंही आहे. मी घरी गुलाबपाणी आणि चिमूटभर सुंठ घालून ही बिस्किटं करतो. दुकानातल्यापेक्षा ती वेगळी लागतात आणि मला तीच जास्त आवडतात.

पण माझा खरा जीव शॉर्टब्रेडवर. हा पदार्थ स्कॉटलंडचा. प्रमाण वजनाने घ्यायचं: एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा. म्हणजे 100 ग्रॅम, 200 ग्रॅम, 300 ग्रॅम. मैद्यातला 50 ग्रॅम कमी करून तेवढी तांदळाची पिठी घातली की वडीला छान खुसखुशीतपणा येतो. स्कॉटिश बायकाही हेच करतात. वाटीने मोजू नका, काटा वापरा. लोणी गार हवं, पण बोटाने दाबलं तर खळगा पडेल इतपत मऊ. ते बोटांच्या पेरांनी मैद्यात चोळायचं. तळहात लावायचा नाही, कारण तो गरम असतो. मिश्रण जाडसर रव्यासारखं दिसायला लागलं की साखर मिसळायची आणि सगळं दाबून एकत्र करायचं. पाण्याचा थेंबही नको. पाणी मिळालं की मैद्यातल्या प्रथिनांचं चिवट जाळं तयार होतं. लोण्याचा लेप ते होऊ देत नाही, म्हणून वडी तोंडात विरघळते. नाशिकची कार्तिकातली हवा या कामाला उत्तम. मे महिन्यात तयार गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा लागतो.

आता भाजणी. मी सातपूर एमआयडीसीत हीट ट्रीटमेंट खात्यात उमेदीची वर्षं काढली. भट्टीचा काटा सांगतो ते भट्टीचं तापमान. माल आतपर्यंत तेवढा तापायला वेळ द्यावाच लागतो. शॉर्टब्रेडचं तसंच आहे. अर्धा इंच जाडीची चकती थापायची, काट्या-चमच्याने सगळीकडे टोचे मारायचे आणि 150 अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं धीर धरायचा. कड फिकट सोनेरी आणि मध्यभाग लोण्याच्या रंगाचा राहिला पाहिजे. तांबूस झाली की लोण्याची चव गेली. बाहेर काढल्यावर गरम असतानाच सुरीने वड्या पाडायच्या. गार झाल्यावर पाडायला गेलात तर भुगा होतो.

आपली नानकटाई याच कुळातली. पूर्वी दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, पिठीसाखर पिशवीत घालून बेकरीत न्यायची आणि ट्रे भाजून होईपर्यंत तिथेच बसायचं, ही पद्धत अनेक वाचकांना आठवत असेल. तुपात पाणी जवळजवळ नसतंच, लोण्यात सोळा टक्क्यांच्या आसपास असतं. नानकटाई भुसभुशीत आणि शॉर्टब्रेड खुसखुशीत होण्यामागे हेही एक कारण आहे. ज्याला नानकटाई जमते त्याला शॉर्टब्रेड जमलंच म्हणून समजा.

ओव्हन नसेल तर वाफेचं पुडिंग करा. उकडीचे मोदक करणाऱ्या घराला त्यात अवघड काही नाही. 100 ग्रॅम लोणी आणि तेवढीच साखर फेसायची, दोन अंडी, 100 ग्रॅम मैदा, चमचाभर बेकिंग पावडर. लोणी फासलेल्या स्टीलच्या डब्यात आधी तीन चमचे गोल्डन सिरप ओतायचं, वर हे मिश्रण. हे सिरप अब्राम लाईल यांच्या लंडनच्या साखर कारखान्यात 1883 पासून होतं. मी त्याऐवजी कोल्हापूरची काकवी वापरतो. तिचा उसाचा खमंगपणा सिरपला नाही, असं मी इंग्लंडहून आलेल्या पाहुण्यांनाही सांगितलंय आणि पुडिंग खाऊन त्यांनी ते मान्य केलंय. डब्यावर लोणी लावलेला कागद बांधताना मधोमध एक चुणी घालावी, म्हणजे पुडिंग फुगायला जागा राहते. कुकरला शिटी न लावता दीड तास वाफवायचं. पाणी कमी झालं तर उकळतंच घालायचं.

त्यासोबत कस्टर्ड हवंच. कस्टर्ड पावडर 1837 साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी काढली, कारण त्यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत. एका बाईसाठी केलेली ही सोय पुढे आपल्याकडच्या शाकाहारी घरांत फ्रूट कस्टर्ड होऊन रुळली, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्यात नाशिकची द्राक्षं घालावीत, पण अगदी वाढताना.

यंदा फराळ करताना एक घाणा शॉर्टब्रेडचाही काढा. हवाबंद डब्यात ते पंधरा दिवस टिकतं आणि केल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं.