अस्थी कुठे आहेत, एवढं तरी सांगा

आपट्याला पाताळगंगा जवळच. घरात कुणी गेलं की तिसऱ्या दिवशी अस्थी सावडायच्या, दहाव्याला नदीवर पिंड ठेवायचा. कावळा शिवेपर्यंत सगळ्यांचे डोळे त्या पानाकडे. रडून मोकळं व्हायला हे सगळं लागतंच हो! पण ज्या घराला अस्थीच मिळाल्या नाहीत, त्यांनी काय करायचं?

इथून पनवेल काही लांब नाही. तिथल्याच सत्र न्यायालयात एप्रिल २०२५ मध्ये सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे यांच्या खुनाचा निकाल लागला. अश्विनी नाहीशा झाल्या एप्रिल २०१६ मध्ये. त्यांच्याच खात्यातल्या अभय कुरुंदकरला अटक व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. मधल्या काळात, २०१७ च्या प्रजासत्ताकदिनी, त्याला राष्ट्रपती पदकही जाहीर झालं होतं! मृतदेहाचे तुकडे करून खाडीत टाकले, असा पोलिसांचा आरोप. खाडीत शोध झाला, पण हाती काही लागलं नाही. कुरुंदकरला जन्मठेप झाली. पुरावा नष्ट करायला मदत करणाऱ्या दोघांना सात वर्षं, आणि तेवढी ते आधीच तुरुंगात काढून बसले होते.

मृतदेह सापडला नाही तर खून शाबीतच होत नाही, असं पुष्कळ जणींना वाटतं. तसं नाही. बाकीचा पुरावा भक्कम असेल तर शिक्षा होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्येच सांगितलंय.

प्रश्न पुढचा आहे. आपल्याकडे कैद्याच्या रजेचे नियम १९५९ चे, वेळोवेळी बदललेले. फर्लो म्हणजे ठरावीक शिक्षा भोगल्यावर मिळणारी सुट्टी. पॅरोल मिळतो तो घरातलं आजारपण, बायकोचं बाळंतपण अशा कारणांसाठी. घरात कुणी वारलं तरी काही दिवस सोडतात. म्हणजे कैद्याला आपल्या आईच्या अंत्यविधीला जाता येतं. जावं, माणुसकीच आहे ती. पण ज्या बाईला त्याने मारलं तिचा देह कुठे टाकला, हे सांगण्याची अट त्या नियमांत नाही.

इंग्लंडमध्ये हेलन मॅककोर्ट ही तरुणी १९८८ मध्ये मारली गेली. देह मिळाला नाही. तिच्या आईने, मेरी मॅककोर्ट यांनी, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २०२० मध्ये कायदा झाला. आता तिथल्या पॅरोल मंडळाला, कैद्याने देहाचा ठावठिकाणा लपवलाय का, हे विचारात घ्यावंच लागतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये तर २०१७ पासून, सहकार्य नाही तर पॅरोल नाही.

मला विचाराल तर इंग्लंडची रीत बरी. चुकून शिक्षा झालेला निरपराध माणूस काय सांगणार? खाडीच्या भरती-ओहोटीत गेलेलं सांगूनही कुठे सापडतं? म्हणून सरसकट बंदी नको. पण रजेच्या अर्जावर विचारायला काय हरकत आहे? त्याने काय उत्तर दिलं, हे तिच्या घरच्यांनाही कळवावं.

मेरीताईंना मात्र त्या कायद्याचा उपयोग झाला नाही. हेलनचा खुनी तो होण्याआधीच, फेब्रुवारी २०२० मध्ये सुटला होता. २०२२ मध्ये तो मेला, काही न सांगता.