मोत्याच्या घरात राणी आली

गेल्या पावसाळ्यात आमच्या आत्याबाई वारल्या. मागे राहिली त्यांची राणी. सात वर्षे आत्याबाईंच्या उशाशी झोपलेली कुत्री. खोली रिकामी करायची वेळ आली तेव्हा कोणी म्हणाले, "द्या हायवेला सोडून, जगेल कुठेही." आमच्या मनाला ते पटेना. आम्ही राणीला घरी आणली. पण घरी आधीच मोत्या होता, आणि त्याचा विचार आम्ही केलाच नव्हता!

मोत्या तसा गुणी. मात्र मुलांची आई आपली एकट्याची, अशी त्याची पक्की समजूत. राणीने उंबरठा ओलांडला तोच तो तिच्या अंगावर धावून गेला. सोडवायला मध्ये हात घातला आणि आमच्या थोरल्याच्या मनगटाला दात लागला. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू केली. मोत्याला दरवर्षी लस देतो, तरीही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस सहसा वाचत नाही. म्हणून जखमेवर हळद, चुना, तिखट लावत बसू नये.

त्या रात्री घरात वाद झाला. दोघांपैकी एकाला बाहेर काढा, असेच बहुतेकांचे मत. दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दोघांची गाठ कुठे घालून दिलीत?" म्हटले, "घरात." ते म्हणाले, "तिथेच चुकले. आपल्या घरात परका शिरला असे त्याला वाटले. तो दुष्ट नाही. आपले जे आहे ते जाईल, ही त्याची भीती आहे."

मग आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दहा बाय बाराच्या खोलीत दोन कुत्री वेगळी ठेवायची कशी? गॅलरीच्या दाराला फळी आडवी लावली. राणी पलीकडे, मोत्या अलीकडे. एकाचे अंथरुणाचे फडके दुसऱ्याला हुंगायला दिले. नाकाची ओळख आधी, डोळ्यांची नंतर.

चार दिवसांनी दोघांना मैदानात नेले. ती जागा दोघांपैकी कोणाचीच नव्हती. दोन माणसे, दोन पट्टे, मध्ये बरेच अंतर. समोरासमोर न आणता एकाच दिशेने चालवले. पट्टा ताणायचा नाही, कारण ताणला की कुत्रे अधिक चिडते. मोत्याने राणीकडे शांतपणे पाहिले की त्याला उकडलेल्या अंड्याचा तुकडा. रोज अंतर थोडे कमी केले. राणी जवळ आली की आपल्याला चांगले काही मिळते, हे हळूहळू त्याच्या ध्यानात आले.

घरातही काही नियम केले. जेवण वेगवेगळ्या कोपऱ्यांत आणि जेवून झाले की भांडी लगेच उचलायची. भाकरी आधी मोत्याला, हाकही आधी त्यालाच. आईच्या मांडीशी बसून तो राणीवर गुरगुरला, तर आईने न बोलता उठून दूर जायचे. आणि घरात कोणी नसेल तेव्हा फळी लावलेलीच.

आमची आणखी एक चूक डॉक्टरांनी दाखवली. मोत्या गुरगुरला की आम्ही चप्पल उगारत होतो. गुरगुरणे ही त्याची सूचना असते. मार देऊन ती बंद केली, तर कुत्रे पुढच्या वेळी न सांगताच चावते. अंग ताठ होणे, नजर रोखणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे ही त्याही आधीची लक्षणे. ती दिसताच दोघांना दूर न्यावे. भांडण जुंपलेच तर मध्ये हात घालू नये. पाणी फेकावे, थाळी वाजवावी किंवा मध्ये गोधडी टाकावी.

वाचकहो, याला आम्हांला दोन महिने लागले. कोणाला कमी लागतील, कोणाला जास्त. काही कुत्र्यांचे मुळीच जमत नाही. रक्त निघेपर्यंत भांडणे होत असतील, तर त्यांना वेगळे ठेवून डॉक्टरांना दाखवावे. दोघांची लस आणि नसबंदी विसरू नये, आणि लहान मुलांना त्यांच्याजवळ एकटे सोडू नये.

आज राणी फळीच्या अलीकडे असते. मोत्या आईच्या पायाशी झोपतो आणि राणी त्याच्यापासून हातभर अंतरावर. आम्ही तिला आणखी पुढे ढकलत नाही. परवा गडगडाट झाला तेव्हा राणी थरथरत उठली, तर मोत्या आपणहून थोडा सरकला.