वादळ क्षीण झाले, संकट नव्हे

चक्रीवादळाने किनारा ओलांडला आणि भूमीवर येताच ते क्षीण होऊ लागले, ही वार्ता कानी पडली की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्या कुटुंबांना तर हे संकट आपले नव्हेच, असे वाटत असते. परंतु ‘क्षीण झाले’ या शब्दांचा नेमका अर्थ प्रत्येक गृहस्थाने व गृहिणीने समजून घेणे अगत्याचे आहे. कारण तो न उमगल्यामुळे माणसे प्राणास मुकली आहेत.

चक्रीवादळाचे बळ समुद्राच्या उष्ण पाण्याच्या वाफेत असते. भूमीवर आल्यावर हा पुरवठा तुटतो, डोंगर, झाडे व घरे यांच्याशी घर्षण होते आणि वाऱ्याचा वेग मंदावतो. हा वेग ताशी सुमारे ६२ किलोमीटरच्या खाली उतरला, की वेधशाळा त्यास चक्रीवादळ म्हणत नाही. मात्र हे नामकरण वाऱ्याच्या वेगावरून होते, पावसाच्या मापावरून नव्हे, हे ध्यानात ठेवावे. वादळाने सोबत आणलेली अमाप आर्द्रता अद्याप हवेत असतेच. अशा वेळी त्याची वाटचाल मंदावली, तर तीच आर्द्रता एका प्रदेशावर मुसळधार कोसळते.

२०२१ सालचे ‘गुलाब’ चक्रीवादळ याचे बोलके उदाहरण होय. २६ सप्टेंबरच्या सायंकाळी ते आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर कलिंगपट्टणम् जवळ भूमीवर आले. दुसऱ्याच दिवशी ते क्षीण झाले आणि तेलंगणामार्गे पश्चिमेकडे सरकले. किनाऱ्यापासून सुमारे ८०० किलोमीटरवरच्या मराठवाड्यात वाऱ्याचे भय उरले नव्हते. पण पावसाळ्याअखेर भूमी आधीच पाण्याने तृप्त झाली होती आणि धरणे भरत आली होती. २७ व २८ सप्टेंबरच्या पावसाने मांजरा नदीला महापूर आला, धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि लातूर व धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यांत अडकलेल्यांच्या सुटकेसाठी हेलिकॉप्टरे आणावी लागली. यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ पुलावरून पाणी वाहत असताना एक प्रवासी बस पलीकडे नेण्याचा प्रयत्न झाला. ती वाहून गेली आणि त्यात मनुष्यहानी झाली. पुढे त्याच वादळाचे अवशेष अरबी समुद्रावर पोहोचले, तेथे त्यांना पुन्हा बळ चढले आणि ‘शाहीन’ या नव्या नावाने ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या किनाऱ्यावर आदळले.

तेव्हा अशा दिवसांत काय करावे? पहिला नियम असा, की वाहत्या पाण्यात पाऊल किंवा वाहन घालू नये. सुमारे १५ सेंटिमीटर, म्हणजे घोट्याच्या थोडे वर येणारे वेगवान पाणीदेखील धडधाकट माणसास पाडू शकते. ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक मोटारींना ओढून नेते. गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही, हे काठावरून दिसत नाही. घरी पोहोचण्यास एक रात्र उशीर झाला तर काही बिघडत नाही.

दुसरे असे, की पाऊस थांबला म्हणजे पूर थांबला, असे नव्हे. वरच्या खोऱ्यातील पाणी खाली येण्यास कित्येक तास लागतात आणि धरणातून विसर्ग तर निरभ्र आकाशाखालीही होऊ शकतो. म्हणून नदीकाठच्या कुटुंबांनी गावाकडून सूचना येईपर्यंत उंच जागा सोडू नये. जनावरे दावणीस बांधून ठेवू नयेत. ती मोकळी असली तर स्वतःचा जीव वाचवू शकतात.

परतल्यावर घराकडे जरा परक्याच्या दृष्टीने पाहावे. मातीच्या भिंती पाणी मुरल्यामुळे पाऊस उघडल्यानंतरही ढासळतात. तडा किंवा फुगवटा दिसल्यास आत निजू नये. मुळे सैल झालेली झाडे मंद वाऱ्यानेही उन्मळून पडतात. तुटून पडलेली विजेची तार मृत आहे, असे कधीही गृहीत धरू नये. मुलांना दूर ठेवून वीज कार्यालयास कळवावे. भिजलेली उपकरणे जाणत्याकडून तपासून घेतल्याविना सुरू करू नयेत आणि ओल्या जमिनीवर उभे राहून मुख्य खटक्याला हात लावू नये.

पुराचे पाणी शिरलेल्या विहिरीचे पाणी निर्जंतुक करून घेईपर्यंत पिऊ नये. अन्य पाणीही खळखळून उकळून घ्यावे. पुरात भिजलेले अन्न टाकून देण्यास मन धजत नाही, हे खरे. परंतु आजारपण त्याहून महाग पडते. कोणास जुलाब झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते वारंवार पाजावे आणि वैद्यकीय साहाय्य घ्यावे. चिखलातून अनवाणी चालू नये. पायास जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरण्याचा धोका अधिक असतो. पुढील दिवसांत ताप आल्यास पुराच्या पाण्यातून गेल्याचे डॉक्टरांस आवर्जून सांगावे. आसरा शोधणारे साप अडगळीत, लाकडांत व अंथरुणात शिरतात, म्हणून काठीने चाळवल्याशिवाय तेथे हात घालू नये. सर्पदंश झाल्यास जखम कापू अथवा चोखू नये. रुग्णास न हलविता धीर द्यावा आणि वाहनाने त्वरित रुग्णालयात न्यावे.

संकटसमयी ११२ हा क्रमांक देशभर उपयोगी पडतो. तो घरातील लहानथोरांना पाठ असावा. भ्रमणध्वनी भारित, विजेरी हाताशी, औषधे व महत्त्वाचे कागद एका जलरोधक पिशवीत, एवढी सिद्धता कोणत्याही घरास परवडणारी आहे. आजीस कोणी उचलून न्यावयाचे आणि सर्वांनी कोणत्या उंच जागी जमावयाचे, हे मात्र आज, कोरड्या अंगणात बसूनच ठरवावे.