चष्म्यातली बाग आणि हाताचा रियाज

अर्धांगवायूच्या रुग्णांच्या डोळ्यांवर जाड चष्म्यासारखे यंत्र चढवून त्यांच्याकडून व्यायाम करून घेतात, असे अलीकडे वाचनात येते. या तंत्राला व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे आभासी वास्तव म्हणतात. मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. वैद्यकाशी माझा संबंध नाही. पण घरात असा रुग्ण असल्याने या विषयात शिरावे लागले. जे समजले ते सांगतो.

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला किंवा तिथे रक्तस्राव झाला, की तिथल्या पेशी मरतात. हात धडधाकट असतो, पण त्याला हुकूम सोडणारा भाग गेलेला असतो. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. तरी मेंदूचे शिल्लक भाग ते काम थोडेफार शिकू शकतात, आणि शिकतात ते घोकूनच. गवयाच्या रियाजासारखी तीच हालचाल पुन्हा पुन्हा करावी लागते.

अडचण इथेच येते. अमेरिका व कॅनडातल्या ३१२ उपचार-बैठकांच्या निरीक्षणावरचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. हाताने काही काम करण्याचा सराव ज्या बैठकांत झाला, तिथे तो सरासरी ३२ वेळाच झाला होता. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मात्र दिवसाला शेकडो आवर्तने करून घेतात. पण पेला उचला, ठेवा, पुन्हा उचला, हे शेकडो वेळा कोण करील?

आभासी वास्तव इथे मदतीला येते. रुग्णाला समोर बाग दिसते. फळ तोडायला तो हात उचलतो, यंत्र ती हालचाल टिपते आणि चित्रातला हातही वर जातो. फळ टोपलीत पडले की गुण मिळतो. जमू लागले की फिजिओथेरपिस्ट फळ वरच्या फांदीवर नेतात. व्यायाम तोच, पण माणूस फळे मोजतो आणि कंटाळा विसरतो.

मग गुण चित्राचा की सरावाचा? २०१६ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त आलेल्या चाचणीत १४१ रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांखेरीज एका गटाला पडद्यावरचे हात हलवून खेळायचे खेळ दिले, दुसऱ्याला पत्ते, बिंगो, चेंडू असे साधे खेळ. दोन आठवड्यांत तासातासाच्या दहा बैठका झाल्या. दोन्ही गट सुधारले, आणि सारखेच सुधारले. पुढे कॉक्रेन या संस्थेने २०२५ साली १९० चाचण्यांचा आढावा घेतला. दुसऱ्या उपचारांच्या तुलनेत आभासी खेळांचा हाताला थोडासाच जास्त फायदा दिसला. नेहमीच्या व्यायामात त्यांची भर घातली, तेव्हा तो अधिक दिसला.

आमच्या घरी असा चष्मा नव्हता. माझ्या थोरल्या बहिणीचा, आपाचा, उजवा हात गेला होता. पेल्याचा व्यायाम ती टाळू लागली, तेव्हा फिजिओथेरपिस्ट बाईंनी नातवाला समोर बसवले. पत्ते खेळायचे, पण वाटायचे उजव्याच हाताने. पहिला महिनाभर पत्ते सतरंजीवर सांडत होते. आज आपा चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. एकट्या उजव्या हाताने अजून जमत नाही.

काही पथ्ये सांगतो. चष्म्याने काहींना गरगरते, मळमळते. तोल सांभाळता येत नसेल तर पडण्याची भीती असते. फिट येत असतील तर डॉक्टरांना आधी विचारावे. आणि लुळा हात धरून रुग्णाला कधी ओढू नये, खांदा दुखावतो.

असे यंत्र तुमच्या शहरात असेल तर एकच प्रश्न विचारा: हे व्यायामाच्या जोडीला आहे की व्यायामाच्या बदल्यात? आणि नसेल, तर त्यापायी हात सोडून देऊ नका. पेला घरात आहे, पत्ते आहेत. रोज समोर बसणारे माणूस तेवढे हवे.