कुझनेत्सॉव्हच्या इंजिनाचा गुन्हा काय?

‘चाळीस वर्षं गोदामात पडलेलं इंजिन लावल्यावर रॉकेट फुटणार नाही तर काय होणार?’ अँटारिस रॉकेटच्या अपघाताबद्दल एका वाचकाने असं विचारलं आहे. अपघात झाला तेव्हा अमेरिकेतही बहुतेकांची हीच प्रतिक्रिया होती. मला मात्र त्या इंजिनाची बाजू मांडायची आहे.

आधी घटना. २८ ऑक्टोबर २०१४, व्हर्जिनिया राज्यातलं वॉलप्स बेट. आदल्या दिवशीचं उड्डाण रद्द करावं लागलं होतं, कारण समुद्रात धोक्याच्या हद्दीत एक शिडाची होडी शिरली होती! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अँटारिस उठलं. पंधराएक सेकंदांत बुडाशी स्फोट झाला आणि रॉकेट जिथून उठलं होतं त्याच तळाशेजारी कोसळलं. अंतराळ स्थानकासाठीचा दोन टनांहून जास्त माल आणि प्लॅनेट लॅब्जचे २६ चिमुकले उपग्रह जळून गेले. मनुष्यहानी झाली नाही.

रॉकेट ऑर्बिटल सायन्सेस या खासगी कंपनीचं. स्पेस शटल निवृत्त होणार म्हणून नासाने २००८ मध्ये स्थानकाला माल पोचवायचं कंत्राट दोन कंपन्यांना दिलं, त्यातली ही एक. आठ फेऱ्यांचे १.९ अब्ज डॉलर. दुसरी कंपनी स्पेसएक्स. तिच्या इलॉन मस्कने २०१२ मध्येच ऑर्बिटलची टिंगल केली होती: रॉकेट अमेरिकन, आणि इंजिनं साठच्या दशकातली रशियन!

ती इंजिनं म्हणजे एनके-३३. ती जन्माला आली एका भांडणातून. सोव्हिएत चांद्रमोहिमेचा सूत्रधार कोरोल्योव्ह आणि इंजिनांचा बादशहा ग्लुश्को यांचं इंधनावरून बिनसलं. ग्लुश्कोला हवी होती भेटताच पेटणारी विषारी रसायनं, कोरोल्योव्हला केरोसीन आणि द्रव ऑक्सिजन. शेवटी कोरोल्योव्ह गेला निकोलाय कुझनेत्सॉव्हकडे. हा विमानाची इंजिनं बनवणारा माणूस, कुइबिशेवचा, म्हणजे आजच्या समाराचा. रॉकेटचा अनुभव नाही. आणि त्याने जे केलं ते अमेरिकन अभियंते अशक्य समजत होते.

रॉकेटचे पंप फिरवायला थोडं इंधन आधीच जाळावं लागतं. त्या वेळी तो धूर बाहेर सोडून देत. कुझनेत्सॉव्हने तो वाया घालवला नाही, मुख्य भट्टीतच घातला. पण केरोसीन जास्त ठेवून जाळलं तर काजळी धरते, हे कंदिलाची काच पुसलेल्या कुणालाही ठाऊक आहे. म्हणून त्याने उलटं केलं: केरोसीन नावाला आणि जवळजवळ सगळा ऑक्सिजन. आता पंपाची चक्रं फिरवायची ती तापलेल्या, प्रचंड दाबाखालच्या ऑक्सिजनने. आणि अशा ऑक्सिजनमध्ये धातूच जळतो. दिवाळीतल्या फुलबाजीच्या ठिणग्या आठवा, तो जळणारा लोखंडाचा कीसच असतो, आणि तोही साध्या हवेत. गॅस वेल्डिंगवाला ऑक्सिजनच्या नळकांड्याला तेलाचा हात लागू देत नाही, तो याच धास्तीने. कुझनेत्सॉव्हच्या माणसांनी या आगीत टिकणारे धातू आणि मुलामे शोधून काढले. सव्वा टन वजनाचं इंजिन दीडशे टनांचा रेटा देऊ लागलं.

नशीब मात्र फुटकं. एन-१ हे चांद्र रॉकेट १९६९ ते १९७२ मध्ये चार वेळा उडालं, चारही वेळा कोसळलं. त्यावरची आधीची इंजिनं एकदाच पेटवता येत, त्यामुळे बसवण्यापूर्वी तेच इंजिन चालवून बघायची सोयच नव्हती. ती उणीव काढून एनके-३३ घडवलं, आणि ते चढायच्या आतच १९७४ मध्ये कार्यक्रम गुंडाळला गेला. गुंडाळणारा कोण? त्याच कार्यक्रमाचा नव्याने प्रमुख झालेला ग्लुश्को! इंजिनं नष्ट करायचा हुकूम निघाला. कुझनेत्सॉव्हने तो पाळला नाही, इंजिनं गोदामात झाकून ठेवली. नव्वदच्या दशकात एरोजेट या अमेरिकन कंपनीने त्यातली तीन डझनांच्या आसपास विकत घेतली, नगाला साधारण अकरा लाख डॉलर देऊन. कुझनेत्सॉव्ह १९९५ मध्ये गेला. एनके-३३ उडालेलं त्याला बघायला मिळालं नाही.

मग २०१४ मध्ये बिघडलं काय? द्रव ऑक्सिजनच्या पंपात फिरता भाग जागेवरून किंचित सरकला, स्थिर भागाला घासला आणि पेट घेतला. विहिरीवरच्या मोटारीचं बेअरिंग गेलं तर शेतकरी आवाज ऐकून बटण बंद करतो. इथे तेवढी उसंत नसते. भाग सरकला का, यावर मात्र एकमत झालं नाही. ऑर्बिटल म्हणाली, कारखान्यातच कातकामात दोष राहिला. एरोजेटचं बोट पंपात शिरलेल्या कचऱ्याकडे होतं. नासाच्या स्वतंत्र समितीने दोन्ही शक्यता ठेवल्या, तिसरी जोडली ती मूळ रचनेतल्या नाजूकपणाची, आणि कोणत्याही एकीवर शिक्का मारला नाही. तिचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं निरीक्षण वेगळंच आहे: अँटारिसवर या इंजिनाला जे काम करायचं होतं, त्यासाठी त्याची नव्याने पुरेशी कसोटी घेतलीच गेली नव्हती. इशारे मिळाले होते. २०११ मध्ये चाचणीत एक इंजिन पेटलं, मे २०१४ मध्ये दुसरं फुटलं. पण हीच इंजिनं लावून आधीची चार अँटारिस नीट उडाली होती, आणि रशियात डिसेंबर २०१३ मध्ये एनके-३३ लावलेलं सोयुझही. दोष नुसत्या वयाचा नव्हे.

उड्डाण व्यापारी परवान्याचं, म्हणून मुख्य चौकशी खुद्द ऑर्बिटलनेच चालवली. आपल्या अपघाताची चौकशी आपणच, ही सोय मला कधी पचलेली नाही. एरोजेटने पाच कोटी डॉलर देऊन तंटा मिटवला. उड्डाणतळाच्या दुरुस्तीचे सुमारे दीड कोटी डॉलर नासा, व्हर्जिनिया आणि ऑर्बिटल यांनी मिळून भरले.

आणि नवं इंजिन? तेही रशियन! रशियाने क्रिमिया बळकावल्याचं प्रकरण ताजं, रशियन इंजिनांवर लष्करी उड्डाणं नकोत म्हणून अमेरिकन काँग्रेस निर्बंध घालत होती. माल पोचवणं मात्र नागरी काम, ते निर्बंधांबाहेर. ऑर्बिटलने एनर्गोमाशचं आरडी-१८१ निवडलं. एनर्गोमाश म्हणजे ग्लुश्कोची संस्था, आणि त्यातली पद्धत तीच, ऑक्सिजनचा महापूर. ग्लुश्कोने पुढे ती स्वीकारली होती!

यातला एक धागा आपल्यापर्यंतही येतो. आपल्या जीएसएलव्हीच्या पहिल्या उड्डाणात, २००१ मध्ये, वापरलेलं रशियन क्रायोजेनिक इंजिन मुळात त्याच एन-१च्या वरच्या टप्प्यासाठी आखलं होतं. आणि महेंद्रगिरीला इस्रो ज्या सेमीक्रायोजेनिक इंजिनाच्या चाचण्या घेत आहे, तेही कुझनेत्सॉव्हच्याच वाटेचं.

अँटारिसचा पहिला टप्पा युक्रेनच्या द्निप्रो शहरात बने, इंजिन रशियात. २०२२ मध्ये युद्ध पेटलं आणि दोन्ही वाटा बंद झाल्या. उरलेली रॉकेटं ऑगस्ट २०२३ मध्ये संपली. ३० जानेवारी २०२४ रोजी अँटारिस नेत असे तेच सिग्नस मालवाहू यान स्थानकाकडे निघालं, ते मस्कच्या फाल्कन-९ वर बसून.